शेड्यूल १, ओळ ८-आर

संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाच्या ताटापाशी मंडळातले एक काका मला म्हणाले, "अगं, बाहेरून येतात ना ते पैसे? मग त्याच्यावर इथे कसला टॅक्स! गिफ्टच समज." हे उत्तर मला इतकं आवडलं की मी आणखी दोन लाडू उचलले.

ही गोष्ट जानेवारी २०२४ ची, बॉस्टनमधली. मागचं अख्खं वर्ष युरोपातली एक संशोधन संस्था मला फेलोशिप देत होती. दर महिन्याला ३,००० युरो, थेट माझ्या इथल्या बँकेत. त्यावर आमच्या लॅबकडून वर्षाला २४,००० डॉलर पगार, कारण नुसत्या युरोंवर बॉस्टनमध्ये घरभाडं देऊन वर जेवायचंही म्हटलं तर जमत नाही. पगार आणि त्यातून कापलेला कर दाखवणारा डब्ल्यू-२ महिनाअखेर आला. फेलोशिपचं मात्र काहीच आलं नाही. डब्ल्यू-२ नाही, इतर उत्पन्नाचा १०९९ नाही, परदेशी नागरिकांसाठीचा १०४२-एस नाही. संस्था युरोपातली, तिला अमेरिकी टॅक्स खात्याला काही कळवायचं बंधन नाही. कागदच नाही म्हटल्यावर तो पैसा जणू आलाच नाही, असं मनाला समजावणं फार सोपं असतं.

त्यात शेजारच्या बाकावर पुरावा बसलेला होता. माझ्यासोबत त्याच संस्थेची फेलोशिप मिळालेला एक ब्राझिलियन पोस्टडॉक, म्हणजे माझ्यासारखाच पीएचडीनंतर संशोधन करणारा. तो म्हणाला, "मी एक पैसा भरत नाही. सूट आहे एवढं सांगणारा फॉर्म ८८४३ भरायचा, पाकिटात घालायचा, पाठवायचा, संपलं." संस्था तीच, रक्कम तीच, काम तेच, फ्रीजही एकच. मग मी वेगळी कशी?

वेगळी होते. ते समजायला मला तीन शनिवार लागले.

मी अमेरिकेत आले ऑगस्ट २०१७ मध्ये, पीएचडीला, एफ-१ व्हिसावर. टॅक्सपुरते तुम्ही इथले रेसिडेंट की पाहुणे, हे इथे राहिलेल्या दिवसांवरून ठरतं, आणि विद्यार्थ्याची पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्या मोजणीत धरत नाहीत. यातली मेख 'कॅलेंडर' या शब्दात आहे. मी २०१७ साली जेमतेम पाच महिने इथे होते, तरी ते वर्ष अख्खं खर्ची पडलं. २०१७, १८, १९, २०, २१ अशी पाच संपली आणि १ जानेवारी २०२२ पासून माझा प्रत्येक दिवस मोजला जायला लागला. मोजणी अशी: या वर्षीचे सगळे दिवस, अधिक मागच्या वर्षीचे एक तृतीयांश, अधिक त्याच्या मागच्या वर्षीचे एक षष्ठांश; बेरीज १८३ झाली आणि यंदाचे किमान ३१ दिवस असले की तुम्ही टॅक्सपुरते रेसिडेंट. माझे एकट्या २०२२ चेच ३४० च्या वर होते. म्हणजे व्हिसा तसाच, ग्रीन कार्डाचा पत्ता नाही, विमानतळावर अजूनही "परत कधी जाणार?" हा प्रश्न, पण टॅक्स खात्याच्या वहीत मी घरची झाले होते. पाहुण्याला फक्त अंगणातल्या कमाईचा हिशोब मागतात. घरच्या माणसाने जगात कुठेही कमावलेलं दाखवायचं असतं.

ब्राझिलियन जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर संशोधक म्हणून थेट आलेला. त्याला अशी दोन वर्षं सूट. त्या काळात तो नॉनरेसिडेंट, आणि नॉनरेसिडेंटाला फक्त अमेरिकी उगमाचं उत्पन्न लागू. फेलोशिपचा उगम ठरतो तो देणारा कुठला त्यावरून. देणारी संस्था युरोपातली, म्हणून पैसा परदेशी, म्हणून त्याला शून्य. मी नेमका इथेच घोळ घातला होता. पैसा परदेशी आहे हे माझ्याही बाबतीत खरंच होतं, काकाही तेवढ्यापुरते बरोबरच होते. पण रेसिडेंटाच्या बाबतीत पैसा कुठून आला हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आणि गिफ्ट तर ते नव्हतंच. गिफ्ट देणारा दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल मागत नाही.

एक वाट मात्र मी बराच वेळ चाचपून पाहिली: भारत-अमेरिका करार. पीएचडीच्या काळात या कराराचा कलम २१ आम्हा सगळ्या देशी मुलांना पाठ होता, कारण त्याच्या जोरावर भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, आणि चिनी मित्र त्यावरून आमचा हेवा करायचे. (त्यांच्या करारात वेगळी मेवामिठाई आहे, तो भाग सोडा.) त्याच कलमाचं पहिलं उपकलम मी आजवर कधी वाचलंच नव्हतं. ते म्हणतं, जो विद्यार्थी किंवा उमेदवार मुख्यतः शिक्षणासाठी इथे आला आहे, त्याला उदरनिर्वाहासाठी आणि शिक्षणासाठी देशाबाहेरून येणाऱ्या पैशावर इथे कर नाही. आणि करारातल्या तरतुदींमुळे ग्रीन कार्ड नसलेला रेसिडेंटसुद्धा त्याचा फायदा घेऊ शकतो. रात्री साडेअकराला हे वाचून मी खुर्चीतून उठून आलं घातलेला चहा केला. सुटले, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चहा उतरला. मी विद्यार्थी होते कुठे? पदवी २०२२ मध्येच हातात पडली होती. ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर त्याच व्हिसावर काही काळ काम करायची मुभा असते त्यावर होते, विद्यापीठाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाव नव्हतं, आणि पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जात होते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारलं तर "आम्ही कराबाबत सल्ला देऊ शकत नाही" हे ठरलेलं वाक्य. शेवटी पैसे मोजून एका एन्रोल्ड एजंटकडे, म्हणजे टॅक्स खात्याचा परवाना असलेल्या सल्लागाराकडे, अर्धा तास घेतला. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "हीच फेलोशिप तुम्हाला पीएचडीच्या सहाव्या वर्षी मिळाली असती तर मी हे कलम लावायचा नक्की विचार केला असता. पदवीनंतरच्या पोस्टडॉकला विद्यार्थी म्हणायला मी धजणार नाही." संशोधकांसाठीचं कलम २२? ते आगमनाच्या तारखेपासून दोन वर्षं चालतं. माझं आगमन २०१७ चं. बाईंनी हे सांगताना घड्याळाकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

वाचणारं कुणी पीएचडीच्या शेवटच्या वर्षात असेल आणि बाहेरून पैसा येत असेल, तर ते उपकलम जरूर काढून वाचा. मला ते एक वर्ष उशिरा सापडलं.

आता फॉर्म. नॉनरेसिडेंट मुलांसाठी विद्यापीठ जे सॉफ्टवेअर फुकट देतं, त्यात मी सवयीने लॉगिन केलं. आगमनाच्या तारखा भरल्या आणि त्याने सांगितलं की आपण रेसिडेंट आहात, नमस्कार. मग बाजारातलं एक नेहमीचं सॉफ्टवेअर. ते प्रश्न विचारत जातं, आपण उत्तरं देत जायचं, आणि वर कोपऱ्यात रिफंडचा आकडा हिरव्यात हलत राहतो. पगार भरला तेव्हा तो शून्याच्या आसपास होता. पगारातून कापलेले १,०१५ डॉलर त्या पगारापुरते अगदी बेताचे होते. मग "तुम्हाला इतर काही उत्पन्न मिळालं का?" मी हो म्हटलं. "त्याचा १०९९ आहे का?" नाही. "हे काम तुम्ही स्वतंत्रपणे केलं का?" मी विचार केला, लॅबमध्ये सगळं स्वतंत्रपणेच तर करते, गाइडला वेळ कुठे असतो. हो.

आकडा लाल झाला. देणं नऊ हजारांच्या घरात.

मी लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला घेतली. कुकर, कढई, चार दिवसांचे डबे. निम्म्यात लक्षात आलं की सॉफ्टवेअरने मला धंदेवाली करून टाकलंय. उघडून पाहिलं तर खरंच धंद्याच्या उत्पन्नाचं शेड्यूल सी तयार झालं होतं, आणि वर साडेपाच हजारांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. तो १५.३ टक्क्यांचा कर स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांसाठी. फेलोशिप हा व्यवसाय नाही, ती कुणाला विकलेल्या सेवेचा मोबदला नाही. त्यावर आयकर लागतो, हा कर लागत नाही. माझ्या एका "हो"ची किंमत जवळजवळ चार हजार डॉलर होती.

फेलोशिपची खरी जागा रिटर्नच्या शेड्यूल १ या पुरवणीवर आहे, ओळ ८-आर: डब्ल्यू-२ वर न आलेल्या स्कॉलरशिप आणि फेलोशिप. २०२२ च्या फॉर्मपासून ही ओळ आहे. त्याआधी पगाराच्या ओळीशेजारी एससीएच अशी तीन अक्षरं लिहून रक्कम त्यातच मिसळायची पद्धत होती, म्हणून इंटरनेटवरचे जुने सल्ले अजून तेच सांगतात. सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ शोधायची तर 'उत्पन्न'मध्ये जायचं नाही, 'शिक्षण'मध्ये जायचं. तिथे आधी कॉलेजच्या फीचा फॉर्म १०९८-टी मागतात, "नाही" म्हणायचं, मग फी आणि पुस्तकांचे खर्च विचारतात. पदवीच्या विद्यार्थ्याला फी, सक्तीचं शुल्क, पुस्तकं यांवर खर्च झालेली स्कॉलरशिप करमुक्त असते. माझी ना पदवी चालू ना फी, म्हणून खर्च शून्य आणि रक्कम पूर्ण करपात्र. मग एका निरुपद्रवी दिसणाऱ्या चौकटीत विचारतात, याशिवाय काही फेलोशिप मिळाली का. तीच ती.

चौकटीत डॉलर हवे होते. माझ्याकडे युरो.

आधी मी बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसले आणि जमा झालेले डॉलर बेरजेला लावले. एजंटबाईंनी तेवढ्यात अडवलं होतं. उत्पन्न म्हणजे संस्थेने दिलेले ३,००० युरो. मधल्या बँकांनी खाल्लेलं कमिशन आणि वाईट दर ही आपली आपण केलेली उधळपट्टी, ती उत्पन्नातून वजा होत नाही. मग दर. पैसे आले त्या दिवसाचा दर लावणं सर्वांत नेटकं. २०२३ मध्ये जुलैत युरो १.१२ डॉलरवर गेला होता आणि ऑक्टोबरात १.०५-१.०६ वर उतरला, म्हणजे तेच ३,००० कधी तेहतीसशे साठ तर कधी जेमतेम एकतीसशे साठ. दुसरा मार्ग म्हणजे टॅक्स खातं स्वतःच वर्षाचा सरासरी दर छापतं, तो. एकदा जी पद्धत धरली ती पाळायची, एवढीच अट. २०२३ साठी युरोसमोर ०.९२४ लिहिलंय. मी ३६,००० ला ०.९२४ ने गुणलं, ३३,२६४ आले, भरले, आणि आकडा बराच खाली आला म्हणून खूश झाले.

सुदैवाने झोपायच्या आधी खटकलं. युरो तर डॉलरपेक्षा महाग आहे, मग ३६,००० युरोचे ३३ हजार डॉलर कसे होतील? तो तक्ता एका डॉलरला किती युरो ते सांगतो. गुणायचं नाही, भागायचं. ३८,९६१. रोजच्या दराने बारा ओळी करून पाहिल्या तर फरक पन्नास डॉलरचाही नव्हता. पाचवीतला त्रैराशिकाचा तास आठवला. बाबा घेत होते, आणि असल्या चुकीला ते खडू फेकून मारायचे.

बाबांचा विषय निघालाच आहे तर पुढचं सांगते, कारण सगळ्यांत अवघड भाग फॉर्म नव्हता, तो फोन होता.

रेसिडेंट झालं की भारतातली खातीसुद्धा जाहीर करावी लागतात. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा वेगळा फॉर्म भरायचा. तो टॅक्स खात्याकडे जात नाही, फिनसेन म्हणून अर्थखात्याचाच दुसरा विभाग आहे त्याच्याकडे ऑनलाइन जातो. त्यात कर काही नसतो, नुसती माहिती. पण न भरल्याचा दंड जबर. माझ्या स्वतःच्या साताऱ्याच्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या) खात्यात चाराठ आण्यांचा व्यवहार. पण बाबा जून २०२२ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, त्यांची ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे पैसे ज्या खात्यात आले त्यावर दुसरं नाव माझं होतं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'. मुलीचं नाव असावं म्हणून. पैसा एक रुपया माझा नाही, तरी खात्यावर नाव आहे ना, मग पूर्ण शिल्लक माझ्या फॉर्मवर.

मी रविवारी सकाळी फोन केला, तिकडे संध्याकाळ.

"बाबा, २०२३ मध्ये त्या खात्यात जास्तीत जास्त किती पैसे होते?"

गप्प. मागे टीव्हीचा आवाज.

"का गं? काही अडचण आहे का? पाठवू का?"

"नाही नाही. इथल्या सरकारला कळवायचंय."

"अमेरिकेला? माझ्या खात्याचं अमेरिकेला काय करायचंय?"

सांगितलं. दोनदा सांगितलं. शेवटी बाबा म्हणाले, "थांब, पासबुक आणतो," आणि चष्मा, कपाटाची किल्ली, आईची "कुणाचा फोन आहे?" अशी सगळी यात्रा झाल्यावर त्यांनी तारखेनिशी आकडे वाचायला सुरुवात केली. जानेवारीपासून. मी म्हटलं, फक्त सर्वांत मोठा. ते म्हणाले, "सर्वांत मोठा कोणता ते सगळे वाचल्याशिवाय कसं कळेल?" शिक्षकाचं बरोबर होतं. चौदा लाख अकरा हजार निघाले, मार्चमध्ये, ठेव मोडून दुसरी करायच्या मधल्या चार दिवसांत. ती चार दिवसांची शिल्लकच मोजायची असते. सर्वोच्च आकडा धरायचा आणि ३१ डिसेंबरच्या दराने डॉलर करायचे. दहा हजार केव्हाच ओलांडले होते.

फोन ठेवताना बाबा म्हणाले, "नाव काढून टाकू का तुझं?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही. "बघू," म्हटलं.

आणि २०२२? त्याही वर्षी मी रेसिडेंटच होते, खातंही होतं, पैसेही आले होते. त्या वर्षीचं रिटर्न भरताना व्याजाच्या शेड्यूल बी वरच्या "परदेशात खातं आहे का?" या प्रश्नाला मी बेधडक "नाही" म्हटलं होतं, कारण प्रश्न स्विस बँकवाल्यांसाठी आहे असं वाटलेलं. मग उशिराचा एफबार. त्या फॉर्मवर उशिराचं कारण यादीतून निवडायचं असतं. 'विसरले', 'शिल्लक मर्यादेच्या आत आहे असं वाटलं', आणि 'भरायचा असतो हे माहीत नव्हतं'. इतका प्रामाणिक पर्याय मला सरकारी कागदावर आजवर दिसला नव्हता. तोच निवडला. सोबत २०२२ चं रिटर्न दुरुस्त केलं, एनआरओ खात्यावरच्या ३,६०० रुपये व्याजासाठी. वर्षाच्या ७८.५९८ दराने त्याचे होतात शेहेचाळीस डॉलर. त्यावर वाढीव कर साडेपाच डॉलर. १०४०-एक्स नावाचा फॉर्म, स्पष्टीकरणाचा परिच्छेद, सगळं साडेपाच डॉलरसाठी. २०२३ चं व्याज पन्नास डॉलर निघालं, ते सरळ शेड्यूल बी वर टाकलं. त्यातून बँकेने कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट मागता आलं असतं, पण तेवढ्यासाठी पुन्हा तो करार उघडायची माझी शुद्ध नव्हती.

फेलोशिपवर तिकडे युरोपात काही कापलं होतं का, हेही विचारून घेतलं. कापलं असतं तर त्याचं क्रेडिट मिळालं असतं. संस्थेच्या बाईंनी दोन दिवसांत एका पानाचं पत्र पाठवलं: अमुक व्यक्तीला २०२३ मध्ये ३६,००० युरो फेलोशिप दिली, कर कापलेला नाही, तो भरण्याची जबाबदारी फेलोची. हे पत्र रिटर्नसोबत जोडायचं नसतं, पण उद्या कुणी विचारलं तर डब्ल्यू-२ च्या जागी दाखवायला एवढंच असतं. ते मी पारपत्राच्या पाकिटात ठेवलंय.

तर हिशोब असा झाला. पगार, फेलोशिप आणि ते पन्नास मिळून ६३,०११. स्टँडर्ड डिडक्शन १३,८५० वजा. कर ६,१२६. त्यातले १,०१५ पगारातून आधीच गेलेले. उरले ५,१११. वर्षभर जो पैसा मी पूर्ण माझा समजून भाडं, विमान आणि बहिणीच्या लग्नात उडवला, त्यातला सातवा-आठवा हिस्सा माझा नव्हताच. एक मैत्रीण म्हणाली, १५ एप्रिलच्या आत ट्रॅडिशनल आयआरएमध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचतखात्यात, साडेसहा हजार टाक, बाराशे डॉलर वाचतील. आता फेलोशिपचं उत्पन्नही त्यासाठी चालतं, हे तिचं खरंच होतं. पण साडेसहा हजार डॉलर बाजूला टाकायला आधी ते असावे लागतात.

वर दंड. इथे कर वर्षाच्या शेवटी नाही, वर्षभर भरत राहायचा असतो. नोकरदाराचा पगारातून कापला जातो म्हणून त्याला ते जाणवत नाही. ज्याचा कापला जात नाही त्याने एप्रिल, जून, सप्टेंबर आणि पुढच्या जानेवारीच्या १५ तारखेला १०४०-ईएसचे हप्ते भरायचे. मी एकही भरला नव्हता. दंडाच्या कथा ऐकून मी हजारभर धरून चालले होते. १०४० या मुख्य फॉर्मच्या ओळ ३८ वर आकडा उमटला: ६७. कारण मागच्या वर्षीच्या एकूण कराएवढी रक्कम वेळच्या वेळी भरलेली असली तरी दंड लागत नाही, आणि २०२२ मध्ये मी विद्यार्थिनीच्या तुटपुंज्या मानधनावर होते, कर तेवीसशेच. त्यातून १,०१५ गेले. दंड फक्त त्या फरकावर, सात-आठ टक्के व्याजाच्या हिशोबाने. पहिल्या वर्षाच्या अडाण्याला कायदा इतका मऊ असतो हे मला आधी माहीत असतं तर दोन रात्री झोप लागली असती. पुढच्या वर्षी मात्र ही उशी नाही, कारण आता 'मागच्या वर्षीचा कर' म्हणजे सहा हजार.

मॅसॅच्युसेट्सचं वेगळं. सरसकट ५ टक्के, म्हणजे फेलोशिपवर आणखी एकोणीसशेच्या पुढे. त्यातून भाड्याची वजावट मिळाली. निम्मं भाडं, पण कमाल ४,००० डॉलरपर्यंत. त्याच वर्षी ती मर्यादा ३,००० वरून वाढवलेली. माझं भाडं पाहता निम्मं भाडं कधीच पुरतं वजा होणार नाही, पण दोनशे डॉलर आले ते आले.

१४ एप्रिलला, रविवारी दुपारी, दोन्ही रिटर्न पाठवली. मॅसॅच्युसेट्समध्ये पेट्रियट्स डे आणि त्याला लागून आलेल्या सुट्टीमुळे त्या वर्षी १७ तारखेपर्यंत मुदत होती, पण आणखी तीन दिवस तो आकडा डोक्यावर बाळगायची ताकद नव्हती. टॅक्स खात्याच्या डायरेक्ट पे वर बँकेचा नंबर टाकला, ५,१७८ टाकले, कन्फर्म दाबलं. खात्यात उरले सहाशे बेचाळीस. त्या आठवड्यात मुगाची खिचडी आणि लॅबच्या सेमिनारमधला पिझ्झा यांवर निभावलं.

पुढच्या वर्षासाठी हप्त्यांची भानगड नको होती. एजंटबाईंनी जाताजाता एक गोष्ट सांगितली होती, अर्ध्या तासाचे पैसे तिथेच वसूल झाले. पगार थोडा का होईना असेल, तर पेरोलकडे नवा डब्ल्यू-४ द्यायचा आणि त्याच्या ४-सी ओळीत दर पगारातून जास्तीचे किती कापायचे ते लिहायचं. पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला असं धरतात, मग तुम्ही मे महिन्यात सुरुवात केली तरी एप्रिलचा हप्ता चुकला असं होत नाही. मी ६५० लिहिले, राज्याच्या एम-४ वर वेगळे. पेरोलमधला मुलगा फॉर्म पाहून म्हणाला, "दोन हजारांच्या पगारातून साडेसहाशे जास्तीचे? नक्की?" नक्की, म्हटलं.

मे महिन्यात लॅबच्या गच्चीवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. ब्राझिलियनने विचारलं, टॅक्सचं मिटलं का. मिटलं म्हटलं, आणि सहज विचारलं, "तू नेमका कधी आलास रे?"

"नोव्हेंबर २०२२. दोन वर्षं सूट आहे, म्हणजे या नोव्हेंबरपर्यंत निवांत."

मी केकची प्लेट कठड्यावर ठेवली. "दोन कॅलेंडर वर्षं," म्हटलं. "तुझं २०२२ सहा आठवड्यांत संपलं."

तो हसत होता, मग हसायचा थांबला. त्याला पगार नाही, सगळी फेलोशिपच, त्यामुळे डब्ल्यू-४ ची युक्तीही चालणार नव्हती. खिशातून पेन काढून मी कागदी रुमालावर १०४०-ईएस लिहिलं आणि त्याखाली तारीख: १७ जून, कारण १५ ला शनिवार होता.